डॉ. आनंदीबाई जोशी व त्यांचें दहा दिवसांचें बाळ



निर्गमाच्या पुस्तकांत शिप्रा व पुवा ह्या दोन सुइणींचीं नांवें आलीं आहेत. त्याच ठिकाणीं मिसर देशाच्या बलाढ्य राजाचें नांव मात्र दिलेलें नाहीं. राजाचें नांव गळलें आणि तान्ह्या बाळांचे जीव वांचविणाऱ्या दोन साध्या बायकांचीं नांवें पवित्र शास्त्रानें राखून ठेविलीं, ह्यावरून देवाच्या दृष्टीनें कोणतें काम मोठें हें आपणांस समजतें. आज ज्यांचें चरित्र सांगावयाचें आहे, त्या डॉ. आनंदीबाई जोशी ख्रिस्ती नव्हत्या. हिंदु म्हणून त्या जन्मल्या व हिंदु म्हणूनच मरण पावल्या. तथापि त्यांच्या आयुष्यांत आपल्या मंडळ्यांनीं शिकण्याजोगें पुष्कळ आहे, आणि मिशनच्या लोकांनीं मान खालीं घालावी असेंही कांहीं आहे. म्हणून तें चरित्र येथें सांगतों.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं झाला. त्या कल्याणच्या जोशी घराण्यांतील. माहेरचें नांव यमुना. सन १८७४ मध्यें, वयाच्या अवघ्या नवव्या वर्षीं, त्यांचें लग्न पोस्ट खात्यांतील कारकून गोपाळराव जोशी ह्यांच्याशीं झालें. गोपाळराव बिजवर असून वयानें सुमारें वीस वर्षांनीं मोठे होते. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव स्वभावानें मोठे तऱ्हेवाईक. त्या काळीं बायकोनें पुस्तक हातीं धरलें तर शेजारीपाजारी नांवें ठेवीत. परंतु गोपाळरावांस बायकोला शिकविण्याचा ध्यास लागला होता. अभ्यास चुकला तर ते रागावत, वेळीं हातही उगारीत. ही रीत कांहीं चांगली म्हणतां येणार नाहीं. परंतु त्या मुलीनें तें सर्व सोसून वाचावयास, लिहावयास व इंग्रजी बोलावयास शिकून घेतलें. गोपाळरावांच्या बदल्या होत, त्याप्रमाणें ह्या जोडप्यानें अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज अशीं ठिकाणें पाहिलीं. मुंबईंत हातांत पुस्तकें घेऊन पायीं शाळेंत जाणाऱ्या ह्या बाईला रस्त्यांतील लोक हंसत व टोचून बोलत.

वयाच्या चौदाव्या वर्षीं आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. आपल्याकडे बाराव्या दिवशीं बारसें करितात. तो दिवस उजाडण्यापूर्वींच पाळणा रिकामा झाला. बाळाला वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहींत. बाळंतिणीच्या खोलींत पुरुष डॉक्टरानें पाऊल टाकावयाचें नाहीं अशी तेव्हांची रूढी, आणि बाई डॉक्टर तर ह्या देशांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या. अमेरिकेंतून आलेल्या डॉ. क्लारा स्वेन ह्या मिशनरी बाईंनीं १८७० सालीं बरेलीस काम सुरू केलें होतें खरें, पण महाराष्ट्रांतल्या घराघरांपर्यंत असा हात पोहोंचला नव्हता. स्वतः जेमतेम मूलपण ओलांडलेल्या ह्या आईच्या मनाला तें दुःख खोल लागलें. आपण स्वतः वैद्यक शिकावें आणि आपल्या देशांतील बायकांच्या उपयोगीं पडावें, असा निश्चय ह्या दुःखांतून उगवला.

येथें क्षणभर थांबून एक गोष्ट पाहूं. आनंदीबाईंच्या वयाची आई असणें हाच बाळाला मोठा धोका आहे, हें आज वैद्यकशास्त्रानें पक्कें ठरविलें आहे. चौदापंधरा वर्षांच्या मुलीचें शरीर अद्याप वाढत असतें. तिच्या पोटांतील बाळाला लागणारें अन्न व तिच्या स्वतःच्या वाढीला लागणारें अन्न ह्यांची ओढाताण होते. कंबरेचें हाड पुरतें रुंद झालेलें नसतें, त्यामुळें बाळंतपण अडतें. रक्त कमी असतें. रक्तदाब वाढून झटके येण्याचें भय अधिक असतें. अशा आईचें बाळ पुष्कळदां दिवस भरण्यापूर्वीं जन्मतें, किंवा दिवस भरूनही वजनानें हलकें भरतें. आनंदीबाईंचें बाळ गेलें, तेव्हां हें सांगणारें कोणी त्यांच्याजवळ नव्हतें. आज तें सर्वांस कळूं शकतें, म्हणून आज आपली जबाबदारी त्या काळच्या लोकांहून मोठी आहे.

कोल्हापुरास असतांना १८७८ सालीं गोपाळरावांनीं तेथील मिशनऱ्यांच्या ओळखीनें अमेरिकेस पत्र धाडलें. कोल्हापुरांत अनेक वर्षें सेवा करून स्वदेशीं परतलेले रे. वाइल्डर ह्यांजकडे तें गेलें. पत्नीस अमेरिकेंत शिकवावयाचें आहे, तरी मदत व्हावी, अशी त्यांत विनंति होती. वाइल्डर साहेबांनीं उत्तर दिलें, त्यांत ह्या जोडप्यानें ख्रिस्ताचा स्वीकार करावा असा आग्रह होता. मदतीचा हात मात्र पुढें आला नाहीं. गोपाळरावांस ही अट मान्य नव्हती. वाचकहो, सुवार्ता सांगणें हें आपलें कर्तव्यच आहे, तें कोणीं नाकारावें? परंतु प्रभु येशूनें रोग्यांस बरें करितांना आधीं शिष्य व्हा अशी अट घातली नाहीं. दहा कुष्ठरोगी बरे झाले, त्यांतला एकच परत आला. म्हणून बाकीच्या नवांचें बरेंपण प्रभूनें काढून घेतलें नाहीं. ही गोष्ट त्या वेळीं विसरली गेली, हें आपण नम्रपणें कबूल केलें पाहिजे.

देवानें मात्र दुसरें दार उघडलें. हा पत्रव्यवहार वाइल्डर साहेबांनीं आपल्या मिशनविषयक मासिकांत छापला. १८८० सालीं न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर ह्या बाई दांताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तेथें पडलेला त्या मासिकाचा अंक त्यांनीं सहज उचलला व तो पत्रव्यवहार वाचला. परक्या देशांतील त्या मुलीविषयीं त्यांच्या मनांत कळवळा उत्पन्न झाला आणि त्यांनीं आनंदीबाईंस पत्र लिहिलें. पुढें दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला, आणि आनंदीबाई त्यांस मावशी म्हणूं लागल्या. ह्या बाईंनीं कोणतीही अट घातली नाहीं. आपल्या घराचें दार तेवढें उघडें ठेविलें.

पुढें गोपाळरावांची बदली बंगालमध्यें झाली व तीं उभयतां श्रीरामपुरास राहावयास गेलीं. हें श्रीरामपूर म्हणजे विल्यम केरी साहेबांचें सेरामपूर. मराठी भाषेचें व्याकरण केरी साहेबांनीं १८०५ सालीं छापलें, तें येथूनच. एक हिंदु स्त्री एकटी समुद्र ओलांडून जाणार ही बातमी पसरतांच लोकांनीं गहजब केला. तेव्हां २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं आनंदीबाईंनीं तेथील बॅप्टिस्ट कॉलेजच्या दिवाणखान्यांत उभें राहून सर्वांसमक्ष आपली बाजू मांडली. ह्या देशांतील बायका पुरुष डॉक्टरांपुढें आपलें दुखणें सांगत नाहींत, म्हणून बाई डॉक्टरांची येथें फार गरज आहे. आपण ह्याच कामासाठीं जात आहों, आणि हिंदु म्हणून जाऊन हिंदु म्हणूनच परत येऊं, असें त्यांनीं शांतपणें सांगितलें. त्या वेळीं त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. अंगावरचे दागिने विकून त्यांनीं वाटखर्चाची तजवीज केली. ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून बोट सुटली, आणि ४ जून रोजीं त्या न्यूयॉर्क बंदरांत उतरल्या. कार्पेंटर मावशी त्यांस उतरून घ्यावयास आल्या होत्या.

त्याच वर्षीं फिलाडेल्फिया शहरांतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचें नांव दाखल झालें. हें महाविद्यालय १८५० सालीं स्थापन झालें होतें, आणि डॉ. क्लारा स्वेनही येथूनच शिकून निघाल्या होत्या. मुख्याधिकारी डॉ. रेचल बॉडली ह्यांनीं आनंदीबाईंस शिष्यवृत्ति मिळवून दिली व आईप्रमाणें त्यांचा सांभाळ केला. जपानच्या केई ओकामी व सिरियाच्या साबात इस्लामबूली ह्याही तेथेंच शिकत होत्या; तिघींचें आपापल्या देशाच्या पोशाखांत काढलेलें एक छायाचित्र अजून जपून ठेविलेलें आहे. त्या कडाक्याच्या थंडींत आनंदीबाई नऊवारी लुगडें नेसून राहत व शाकाहार सोडीत नसत. अभ्यासाचे कष्ट, थंडी व अपुरें अन्न ह्यांनीं त्यांची प्रकृति खालावत गेली.

पदवीसाठीं प्रत्येकीला एक निबंध लिहावा लागे. आनंदीबाईंनीं विषय घेतला तो आर्य हिंदु लोकांमधील प्रसूतिशास्त्राचा. गर्भिणीची काळजी कशी घ्यावी, बाळंतपण कसें करावें, नव्या बाळाला कसें जपावें, ह्याविषयीं आपल्या देशाच्या जुन्या ग्रंथांत काय आहे व नवें शास्त्र काय सांगतें, हें त्यांनीं त्यांत मांडलें. दहा दिवसांच्या त्या बाळाला त्या विसरल्या नव्हत्या, असें ह्या विषयावरूनच वाटतें. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस डॉक्टर ही पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. रमाबाई त्यांच्या दूरच्या आप्त. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ सालीं झाला होता. एक ख्रिस्ती व एक हिंदु, अशा ह्या दोन महाराष्ट्रकन्या परदेशांतील त्या सभागृहांत एकत्र आल्या, आणि धर्माच्या भेदानें त्यांच्या प्रेमांत अंतर पडलें नाहीं. पुढें रमाबाईंनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें, त्याची प्रस्तावना डॉ. बॉडली ह्यांनींच लिहिली.

कोल्हापूर संस्थानानें आनंदीबाईंस तेथील अल्बर्ट एडवर्ड इस्पितळाच्या स्त्री विभागाचें काम देऊं केलें. ज्या कोल्हापुराहून तें पहिलें पत्र गेलें होतें, त्याच कोल्हापुरास त्या डॉक्टर होऊन परत यावयाच्या होत्या. परंतु क्षयरोगानें त्यांस ग्रासलें होतें. नोव्हेंबर १८८६ मध्यें त्या मुंबईस उतरल्या, तेव्हांच त्या अगदीं थकलेल्या होत्या. कोल्हापुरास जाणें झालें नाहीं; एकाही बाळंतिणीची सेवा तेथें त्यांच्या हातून घडली नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुणें येथें त्यांचा अंत झाला. वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. ज्या लोकांनीं एके काळीं हंसून टाकलें होतें, त्यांतील पुष्कळ लोक आतां हळहळले. त्यांची रक्षा कार्पेंटर बाईंकडे पाठविण्यांत आली, व न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी येथें त्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ती पुरलेली आहे.

ह्या चरित्राकडे वरवर पाहणारा म्हणेल कीं सर्व कष्ट व्यर्थ गेले. परंतु गव्हाचा दाणा जमिनींत पडून मेला तरच पीक येतें, हें प्रभूनें आपणांस शिकविलें आहे. आनंदीबाईंनीं वाट दाखविली, तिच्यावरून दुसऱ्या चालल्या. डॉ. रखमाबाई १८९४ सालीं विलायतेंत डॉक्टर झाल्या व सुरतेस अनेक वर्षें बायकांची सेवा करीत राहिल्या. आज गांवोगांवच्या सरकारी दवाखान्यांत बाई डॉक्टर व परिचारिका दिसतात.

आतां मुद्द्याची गोष्ट. आनंदीबाईंच्या काळीं अशक्त बाळ जन्मलें कीं आईबाप हात जोडून बसत. पॅरिस शहरांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी कांचेची पेटी १८८० च्या सुमारास वापरांत येऊं लागली होती. आपल्याकडे तिचें नांवही ठाऊक नव्हतें. आज जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळांत नवजात बाळांसाठीं निराळा अतिदक्षता कक्ष असतो. तेथें बाळाला ऊब, प्राणवायु, नळीनें दूध व शिरेंतून औषध देतां येतें. सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वीं जन्मलेल्या, किंवा अडीच किलोहून कमी वजनाच्या, बाळांपैकीं पुष्कळांस अशा काळजीची गरज लागते. कारण त्यांचीं फुफ्फुसें कच्चीं असतात, अंग लवकर गार पडतें व त्यांस ओढून दूध पितां येत नाहीं. जगांत दर दहा बाळांमागें सुमारें एक बाळ असें अपुऱ्या दिवसांचें जन्मतें. तथापि अशा कक्षांत बाळ न्यावें लागूं नये, ह्यासाठींचें मुख्य काम त्याच्या जन्मापूर्वींचें आहे, आणि तें आपल्या घरांत व गांवांत व्हावयाचें आहे.

तर बाळाला धोका कशानें होतो, तें प्रत्येक उपदेशकानें व बायबलबाईनें लक्षांत ठेवावें. आईचें वय अठराच्या आंत असलें किंवा पस्तिसाच्या पुढें गेलें, तर धोका वाढतो. मागील बाळंतपणापासून दोन वर्षें लोटण्यापूर्वीं पुन्हां दिवस राहिले, तर आईच्या अंगांतील झीज भरून निघत नाहीं. आईच्या अंगांत रक्त कमी असणें हा तर घरोघरचा रोग आहे. आपल्या देशांतील निम्म्याहून अधिक गर्भवती बायकांचें रक्त कमी भरतें. हिमोग्लोबिन अकराच्या खालीं गेलें तर उपचार हवा, आणि सातच्या खालीं गेलें तर विलंब न लावितां इस्पितळ गांठलें पाहिजे. दवाखान्यांतून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या कित्येक बायका बाळ मोठें होईल ह्या भीतीनें टाकून देतात. ही समजूत खोटी आहे. रक्तदाब वाढणें, लघवींत साखर जाणें, हिवताप, लघवीचा दाह, गुप्तरोग, जुळीं मुलें, पूर्वीं अपुऱ्या दिवसांचें किंवा मेलेलें मूल झालेलें असणें, हींही धोक्याचीं कारणें आहेत. आणि आपल्या खेड्यांत आणखी एक कारण आहे, तें म्हणजे मिश्री. दांतांस मिश्री लावणें ही तंबाखूच होय. तिच्यामुळें बाळाचें वजन घटतें, दिवस अपुरे भरतात, आणि कधीं पोटांतच बाळ दगावतें. सासूबाई लावितात म्हणून सुनेनें लावावी, असें होऊं नये.

गर्भवती बाईचें डोकें फार दुखूं लागलें, डोळ्यांपुढें अंधारी आली, तोंडावर व हातांवर सूज आली, ताप भरला, अंगावरून रक्त गेलें, वेळेपूर्वीं पाणी गेलें, झटका आला किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर सकाळची वाट पाहूं नये. एकशे आठ ह्या क्रमांकावर गाडी बोलवावी. सरकारी दवाखान्यांत बाळंतपण व नव्या बाळाचा उपचार २०११ पासून मोफत आहे. कळा फार लवकर सुरू झाल्या, तर बाळाचीं फुफ्फुसें पक्व व्हावीं म्हणून आईला द्यावयाचें इंजेक्शन असतें. पण आई वेळेवर पोहोंचली तरच त्याचा उपयोग. लहान बाळाला आईच्या उघड्या छातीशीं धरून ठेवणें, हा उपायही आतां मोठमोठ्या इस्पितळांत मान्य झाला आहे.

सर्वांत कठीण गोष्ट शेवटीं सांगतों. नवव्या वर्षीं लग्न होण्याचे दिवस गेले. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या लग्नाचें वय चौदा ठरविलें, आणि १९७८ पासून तें अठरा आहे. तरीही २०१९ ते २०२१ ह्या काळांतील सरकारी पाहणींत महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं सुमारें बावीस टक्के स्त्रियांचीं लग्नें अठराच्या आंत झालेलीं आढळलीं. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांत मुलीला एकटी गांवीं ठेवण्याची भीति असते, आणि नवराबायकोच्या जोडीला कोयता मिळतो, म्हणून लवकर लग्न उरकून टाकितात. ही अडचण खरी आहे. गरिबाला नुसता उपदेश करून भागत नाहीं. परंतु सहा महिने त्या मुलीला आपल्या घरीं ठेवून घेणारें एखादें कुटुंब मंडळींत निघूं शकेल कीं नाहीं? वसतिगृहांत तिची सोय लावून देणारा एखादा पंच निघूं शकेल कीं नाहीं? कार्पेंटर बाईंनीं परक्या देशांतील, परक्या धर्माच्या मुलीसाठीं आपलें घर उघडलें. आपल्याच वस्तींतील मुलीसाठीं आपलें दार बंद असावें काय?

आणि अशी मदत करितांना ती मुलगी कोणत्या धर्माची किंवा कोणत्या आळीची हें विचारूं नये. ती चूक एकदां झाली आहे. ती पुन्हां होऊं नये.

राहेल बेथलेहेमाच्या वाटेवर प्रसूत होतांना मरण पावली, आणि याकोबानें तिच्या थडग्यावर स्तंभ उभारला. आनंदीबाईंच्या बाळासाठीं कोणीं स्तंभ उभारला नाहीं. त्याचें बारसेंही झालें नाहीं. परंतु पुढील रविवारीं उपासना संपल्यावर उपदेशकानें एवढें जरी विचारलें कीं मंडळींत कोणाच्या घरीं बाई गरोदर आहे, तिनें दवाखान्यांत नांव घातलें आहे कीं नाहीं, आणि तिला तेथें कोण घेऊन जाणार, तर तेंच त्या बाळाचें खरें स्मारक होईल. लेंकरांना जवळ येऊं देणारा प्रभु आपणां सर्वांस ह्या कामाची बुद्धि देवो.